बोरीबंदर, व्ही.टी., सीएसएमटी: नवख्यांसाठी वाटाड्या

सीएसएमटीवर चुकणारी माणसं बहुतेक एकाच कारणाने चुकतात. ती एक स्टेशन शोधत येतात आणि तिथे असतात दोन. लोकलचं निराळं, मेल-एक्स्प्रेसचं निराळं. पाटी एकच, पण छपरं वेगळी, तिकीट खिडक्या वेगळ्या आणि बाहेर पडायच्या वाटाही वेगळ्या. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं खाली सांगतो.

आधी नावांचा घोळ

टॅक्सीवाल्याला ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ एवढं लांबलचक सांगत बसू नका. ‘सीएसएमटी’ म्हणा. जुना टॅक्सीवाला असेल तर तो ‘व्ही.टी. ना?’ असं उलट विचारेल, त्याला हो म्हणा. घरातली आजी कदाचित ‘बोरीबंदर’ म्हणेल. तिन्ही नावं एकाच जागेची आहेत आणि प्रत्येकाला आपापला काळ आहे.

बोरीबंदर हे सगळ्यात जुनं. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास इथून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आणि निघताना २१ तोफांची सलामी. अंतर ३४ किलोमीटर. ही गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची ‘जीआयपी’. ती मुंबईत यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय होते. त्या वेळचं स्टेशन साधंसुधं होतं.

आज दिसते ती इमारत बांधायला १८७८ मध्ये सुरुवात झाली. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, देखरेखीला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. काम दहा वर्षं चाललं, खर्च १६ लाखांच्या थोडा वर गेला. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, म्हणून नाव पडलं व्हिक्टोरिया टर्मिनस. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. त्यामुळे जुन्या तिकिटावर किंवा नकाशावर ‘सीएसटी’ दिसलं तर गोंधळू नका.

इथेच यायचंय का, हे तिकिटावर बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नवखा माणूस नेमकी हीच गाळतो. मुंबईत लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात अशी स्टेशनं बरीच आहेत. तिकिटावर शहराचं नाव मोठ्या अक्षरात दिसतं, स्टेशनचा कोड बारीक. तो बारीक कोडच वाचा. सीएसएमटी असेल तर ठीक. एलटीटी असेल तर ते लोकमान्य टिळक टर्मिनस, लोकांच्या भाषेत कुर्ला टर्मिनस, सीएसएमटीपासून पंधराएक किलोमीटर लांब. त्याच्या जवळचं लोकल स्टेशन हार्बर या लोकल मार्गावरचं टिळकनगर. एमएमसीटी म्हणजे मुंबई सेंट्रल, बीडीटीएस म्हणजे वांद्रे टर्मिनस. काही गाड्या दादरहून सुटतात, काही पनवेलहून.

आता यातला खरा सापळा. मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही! ते पश्चिम रेल्वेवर आहे. ‘सेंट्रल रेल्वेची गाडी’ म्हणून आमचे एक मामा थेट मुंबई सेंट्रलला जाऊन उभे राहिले होते, गावी जायची गाडी मात्र सीएसएमटीला. गाडी गेली, मामांनी मुंबईला चार शिव्या घातल्या आणि रात्र आमच्याकडे काढली. तेव्हापासून घरातून निघणाऱ्या प्रत्येकाचं तिकीट मी स्वतः वाचतो.

उलट बाजूने मुंबईत येत असाल तरी हाच प्रश्न विचारा. जायचंय डोंबिवलीला किंवा ठाण्याला, आणि माणूस गाडी शेवटपर्यंत जाते म्हणून सीएसएमटीपर्यंत बसून राहतो, मग सामान घेऊन लोकलने उलटा फिरतो. बहुतेक गाड्या कल्याण, ठाणे किंवा दादरला थांबतात. आपल्या गाडीचे थांबे आधीच बघून ठेवा.

स्टेशनची मांडणी

एकूण फलाट १८. पहिले ७ लोकलचे, ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे. लोकलमध्येही १ आणि २ हार्बर मार्गाचे, ३ ते ७ मुख्य मार्गाचे, म्हणजे ज्याला सगळे ‘मेन लाइन’ म्हणतात त्याचे.

ही वाटणी अशी का, याला इतिहास आहे. नक्षीकामाची दगडी इमारत आणि तिला लागून असलेले फलाट हा जुना भाग, तिथे आज लोकल येतात. गाड्या वाढल्या तशी जागा पुरेना, म्हणून १९२९ साली मेल गाड्यांसाठी शेजारी वेगळं स्टेशन उभं राहिलं. मधल्या काळात, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, देशातली पहिली विजेची गाडी इथूनच हार्बरवरून कुर्ल्याला गेली. आजही हार्बर लोकल सुटली की थोड्याच वेळात, सँडहर्स्ट रोडला, उंचावरून जाते आणि खाली मेन लाइन दिसते. तो वरचा रस्ता त्याच काळातला.

दुसरी सोयीची गोष्ट. हे टर्मिनस आहे, रूळ इथे संपतात. त्यामुळे फलाटांच्या तोंडाशी मोठं मोकळं आवार आहे आणि कुठल्याही फलाटावर जायला जिना चढावा लागत नाही. ट्रॉलीबॅग, म्हातारी माणसं, व्हीलचेअर असेल तर याचं मोल कळतं. दादरला तेच सामान घेऊन पूल चढून बघा.

सध्या स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम सुरू आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याला मंजुरी दिली. त्यामुळे कधी एखादं दार बंद, कुठे पत्रे लावलेले, नेहमीची वाट वळवलेली असं होत राहतं. पाच-दहा मिनिटं हाताशी ठेवूनच या.

आत यायच्या वाटा

महापालिकेच्या बाजूने, म्हणजे दादाभाई नौरोजी मार्गावरून आलात तर तुम्ही लोकलच्या बाजूला पोचता. तो रस्ता वरून ओलांडायचा विचारसुद्धा करू नका. खाली भुयारी मार्ग आहे, त्यातूनच या. दोन्ही बाजूंना दुकानं, माणसांचा लोंढा आणि बाहेर पडायची अनेक तोंडं, त्यामुळे पहिल्यांदा हमखास भलत्या फुटपाथवर निघायला होतं. वरच्या पाट्या वाचत चला. अंजुमन-ए-इस्लामच्या बाजूने येणाऱ्यांसाठी हिमालय पूल आहे. तो २०१९ मध्ये कोसळला होता, नवा बांधून २०२३ पासून पुन्हा सुरू झाला.

लांबची गाडी असेल आणि टॅक्सीने येत असाल तर पी. डिमेलो रोडची बाजू सांगा. ती १८ नंबरच्या फलाटाला लागून आहे, मेल गाड्या तिथून जवळ पडतात. दादाभाई नौरोजी मार्गावर उतरून बॅगा ओढत अख्खं स्टेशन आडवं पार करायचं कारण नाही.

मेट्रो ३ चं स्टेशनही आता इथे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, त्यामुळे आरे, विमानतळ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) या भागांतून थेट जमिनीखालून येता येतं. पश्चिम रेल्वेचं चर्चगेट मात्र वेगळं आहे. तिकडे पायी साधारण वीस मिनिटं, नाहीतर बस किंवा टॅक्सी.

लोकल पकडायची असेल तर

१. तिकीट आधी. सेकंड क्लासचं किमान भाडं ५ रुपये. खिडकीवर काढा, एटीव्हीएम या स्वयंचलित तिकीट मशीनवर काढा किंवा मोबाइलवर रेलवन ॲपमधून काढा. ॲपचा एक नखरा आहे: रुळांच्या अगदी जवळ आलात की ते तिकीट देत नाही. म्हणून स्टेशनात शिरण्याआधी काढा. टीसीला ॲपमधलं तिकीटच दाखवावं लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही. फोनची बॅटरी संपत आली असेल तर मुकाट्याने कागदी तिकीट घ्या. तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा.

जुन्या इमारतीतला तिकीट हॉल बघण्यासारखा आहे. त्याला स्टार चेंबर म्हणतात, कारण छतावर तारे आहेत. संगमरवराचे आणि ग्रॅनाइटचे खांब, उंच कमानी, आणि त्याखाली ‘एक कल्याण रिटर्न’ म्हणणारी रांग. इतक्या देखण्या जागी ५ रुपयांचं तिकीट काढायला मिळतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

२. मार्ग ठरवा. पनवेल, वाशी, बेलापूर किंवा वडाळ्यावरून वांद्रे, अंधेरी, गोरेगावकडे जायचं असेल तर हार्बर, फलाट १ किंवा २. दादर, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण आणि त्यापुढे जायचं असेल तर मेन लाइन. कुर्ला दोन्हींवर आहे.

३. इंडिकेटर वाचायला शिका. त्यावर गाडीचं शेवटचं स्टेशन, वेळ, ती स्लो की फास्ट आणि डबे किती, एवढं असतं. स्टेशनसाठी संक्षिप्त अक्षरं असतात. के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, ए म्हणजे अंबरनाथ, बीएल म्हणजे बदलापूर. इथवर सरळ आहे. पण एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत, हे कुठल्या तर्काने? कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात. एक थळ घाटातून ईशान्येला, दुसरा बोरघाटातून आग्नेयेला. जीआयपीच्या दप्तरात ते नॉर्थ-ईस्ट आणि साउथ-ईस्ट होते. त्यातली पहिली अक्षरं इंडिकेटरवर उरली. कंपनी गेली, इंग्रज गेले, अक्षरं राहिली. गंमत म्हणजे स्लो गाडीलाही एसच लिहितात, त्यामुळे अक्षर कुठल्या जागी आलंय ते बघा.

स्लो सगळीकडे थांबते. फास्ट सहसा भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर अशी मोजकी स्टेशनं घेत ठाण्याकडे जाते, पण प्रत्येक फास्टचे थांबे सारखे नसतात. चिंचपोकळी, परळ, माटुंगा, शीव, विद्याविहार असं मधलं स्टेशन असेल तर फास्टच्या नादी लागू नका. शंका आली तर डब्यात विचारा. मुंबईचा माणूस हसणार नाही, पण उत्तर देईल ते तीन शब्दांत.

४. डबा बघून चढा. फर्स्ट क्लासच्या डब्यावर लाल-पिवळे तिरके पट्टे असतात. सेकंडच्या तिकिटावर तिथे चढलात तर दंड होतो, किमान २५० रुपये आणि वर भाडं. महिलांचे डबे वेगळे, दिव्यांगांचा आणि कॅन्सरच्या रुग्णांचा वेगळा, मालडबा वेगळा. एसी लोकलला एसीचंच तिकीट लागतं. तिची दारं आपोआप बंद होतात, धावत जाऊन लटकायची सोय नाही, आणि ते बरंच आहे.

५. वेळ सांभाळा. सीएसएमटीवर गाडी सुरू होते म्हणून जागा मिळेल, हे दुपारी खरं आहे. संध्याकाळी साडेपाच ते आठ मात्र विसरा. तेव्हा येणारी गाडी पूर्ण थांबण्याआधीच माणसं आत उड्या मारतात आणि उतरणारे दारातच अडकतात. मोठी बॅग घेऊन त्या वेळी फास्टच्या वाट्याला जाऊ नका. स्लो धरा किंवा एखादी गाडी सोडा, पाठोपाठ दुसरी असतेच.

बसायला मिळालं तर तिघांच्या बाकावर चौथा येऊन ‘जरा सरका’ म्हणेल. सरकायचं असतं. त्याला निम्मीच जागा मिळते, पण हा इथला अलिखित करार आहे. उतरायच्या एक-दोन स्टेशनं आधी दाराकडे सरकायला लागा आणि पुढच्याला विचारा, ‘दादर उतरणार का?’ तो हो म्हणाला तर त्याच्या मागे, नाही म्हणाला तर त्याच्या पुढे. फलाट कुठल्या बाजूला येणार, तेही विचारून ठेवा.

आणि रविवार असेल तर मेगाब्लॉक आहे का ते बघितल्याशिवाय निघू नका. दुरुस्तीसाठी दिवसा काही तास फास्ट गाड्या स्लो मार्गावर येतात किंवा हार्बर बंद राहते. कुठल्या भागात, किती ते किती, हे शनिवारी वर्तमानपत्रात आणि रेल्वेच्या समाजमाध्यमांवर येतं.

लांबची गाडी असेल तर

पुण्याला जाणाऱ्या डेक्कन क्वीन, डेक्कन, प्रगती, इंद्रायणी, कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, विदर्भ, सेवाग्राम, कोकणकन्या, मांडवी, शिर्डीची वंदे भारत अशा कितीतरी गाड्या इथूनच सुटतात. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते आहे आणि तिची संध्याकाळी पाच-दहाची वेळ ही तिच्या पासधारकांसाठी घड्याळाहून पक्की आहे. पंजाब मेल तिच्याहून जुनी, १९१२ ची.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. तत्काळ आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी १० वाजता आणि बिनएसीसाठी ११ वाजता. ऑनलाइन काढलेलं तिकीट वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते घेऊन डब्यात बसणं म्हणजे विनातिकीट प्रवास. खिडकीवरचं वेटिंग तिकीट रद्द होत नाही, पण त्यावर आरक्षित डब्यात बसायचा हक्क मिळत नाही.

स्टेशनवर पोचल्यावर आवारातल्या मोठ्या फलकावर गाडीचा नंबर शोधा, नाव नव्हे. नावं एकसारखी असतात आणि वाचता वाचता फलक बदलतो. मग फलाट. मग डबा कुठे लागणार, ते फलाटावरच्या लहान इंडिकेटरवर. हे शेवटचं टाळू नका. नव्या एलएचबी डब्याची लांबी साधारण २४ मीटर असते. २२ डब्यांची गाडी म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त चालणं, तेही सामानासकट. टर्मिनस असल्यामुळे तुम्ही नेहमी गाडीच्या एकाच टोकाकडून येता. तुमचा डबा दुसऱ्या टोकाला असेल तर दहा मिनिटं त्यातच जातात.

हमाल हवा असेल तर लाल शर्ट आणि दंडावर बिल्ला बघा. पैसे ओझं उचलायच्या आधी ठरवा, उतरवल्यावर नव्हे.

सोडायला येणाऱ्यांनी १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट घ्यावं. ते दोन तास चालतं. त्यावर गाडीत बसून दादरपर्यंत सोबत करायचा मोह होतो, तो आवरा.

सामान, झोप, पोट

गाडीला पाच-सहा तास असतील तर बॅगा क्लोकरूममध्ये ठेवता येतात. बॅगेला कुलूप हवं, तिकीट आणि ओळखपत्र हवं. पावती नीट जपा. मेल गाड्यांच्या बाजूला प्रतीक्षालयं आहेत. रात्र काढायची असेल तर रिटायरिंग रूम आहेत आणि झोपण्यापुरते छोटे पॉडही आहेत. लॉजच्या शोधात रात्री एक वाजता बाहेर फिरण्यापेक्षा हे बरं.

खाण्याचं विचाराल तर फलाटावरचा वडापाव आणि चहा यावर अर्धी मुंबई चालते. बसून खायचं असेल तर १८ नंबरच्या बाजूला जुन्या डब्यात थाटलेलं रेस्टॉरंट आहे. तिथेच हेरिटेज गल्लीत जुनी इंजिनं उभी आहेत. मुलं बरोबर असतील तर गाडी येईपर्यंतचा वेळ तिथे मजेत जातो.

काही बिनसलं तर

रेल्वेची मदत १३९ वर. चोरी, छेडछाड, मारामारी असेल तर लोहमार्ग पोलीस, १५१२. लोक खाकी दिसली की सगळ्यांना सारखंच धरतात, पण आरपीएफ हे रेल्वेचं दल आणि लोहमार्ग पोलीस राज्याचे. पाकीट किंवा मोबाइल गेला तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवावा लागतो. बॅग रॅकवर विसरलात तर लोकलची वेळ, कुठून कुठे जाणारी आणि साधारण कितवा डबा, हे आठवून स्टेशनमास्तरांच्या कार्यालयात ताबडतोब सांगा. पुढच्या स्टेशनला निरोप जातो आणि वस्तू सापडण्याची शक्यता खरंच असते.

स्टेशनात शिरताना सामान तपासतात, कंटाळा करू नका. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री इथे गोळीबार झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या वेळी उद्घोषक विष्णू झेंडे केबिनमधून न हलता माइकवरून प्रवाशांना सुरक्षित वाट सांगत राहिले. पुढच्या वेळी तुमची गाडी कुठल्या फलाटावर आहे हे सांगणारा आवाज ऐकाल, तेव्हा तो कुठल्या केबिनमधून येतो तेही बघा.

एक तास मोकळा असेल तर

२००४ पासून ही इमारत युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि तरी ती चालू कचेरी आहे. मध्य रेल्वेचं मुख्यालय तिच्यातच आहे. ती आतून नीट दिसत नाही, भुयारी मार्गाने पलीकडे जाऊन तिथून बघावी. मधल्या घुमटावर प्रगतीची मूर्ती, उजव्या हातात उंचावलेली मशाल, डाव्या हाताशी चाक. खाली भिंतींवर मोर, माकडं, पानं, फुलं. यातलं बरंच कोरीवकाम जे.जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह विलायतेचा, वाघ आपला. समोर महापालिकेची इमारत आहे, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. दोन्ही एका नजरेत घेतल्या तर हात एकच आहे हे कळतं.

संध्याकाळी दिवे लागल्यावर जा, पण आठच्या आत परत फिरू नका. त्या वेळी भुयारी मार्गातली सगळी गर्दी स्टेशनकडे धावत असते. आठनंतर सावकाश खाली उतरा, तोवर कल्याणच्या स्लोला बसायला जागा होते.